बांधापलीकडचे पतंग

अंथुर्ण्याच्या शिवारात मक्याच्या रानात काठीला टांगलेलं नरसाळं आणि त्याखाली लोंबणारी प्लॅस्टिकची पिशवी आता कुणाला नवी नाही. जाता-येता माणसं त्या पिशवीत डोकावतात. पतंग दिसले की म्हणतात, ‘सापळा चांगला चाललाय.’ पिशवी रिकामी असली की दुकानदाराला शिव्या. मला वाटतं, नेमकं इथंच आपलं गणित उलटं बसलंय.

लष्करी अळी आली तेव्हापासून हे सापळे आमच्याकडे वाढले. मूळची ही अमेरिका खंडातली कीड. 2016 मध्ये आफ्रिकेत सापडली, 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात दुधाचा धंदा जोरात, त्यामुळे मुरघासासाठी आणि हिरव्या चाऱ्यासाठी मका बारमाही. अळीला आणखी काय हवं? पोंग्यात शिरून ती आतल्या आत कुरतडत बसते. पानं उलगडली की ओळीनं पडलेली भोकं दिसतात, पोंग्यात भुश्शासारखी विष्ठा. तोवर ती एवढ्या आत गेलेली असते की फवाऱ्याचं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणूनच अळी दिसण्याआधी पतंग दिसणं महत्त्वाचं.

पतंगाला बोलावतो तो वास. मादी रात्री एका जागी बसते, पोटाच्या टोकाशी असलेली ग्रंथी बाहेर काढते आणि वाऱ्यावर अत्यल्प गंध सोडते. नर तो मिशांनी टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं उडत तिच्यापर्यंत जातो. असा गंध नेमका काय असतो, हे जर्मनीच्या आडोल्फ बुटेनान्ट यांनी 1959 मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांनी रेशमाच्या पतंगाच्या पाच लाखांच्या आसपास माद्या वापरल्या; हाती आलं ते काही मिलिग्रॅम. पुढं एकेका किडीचा गंध शोधायची रांगच लागली. दक्षिण युरोपात पाइनची झाडं बोडकी करणाऱ्या, एकामागे एक मिरवणुकीनं चालणाऱ्या अळ्यांच्या पतंगाचाही गंध ओळखला गेला, आणि तिथल्या जंगलांत त्याचे सापळे लागले. आपल्याकडे हरभऱ्यातल्या घाटेअळीला, कापसातल्या गुलाबी बोंडअळीला, लष्करी अळीला वेगवेगळी ल्यूर, म्हणजे सापळ्यात लावायची गंधाची आमिषं, मिळतात. घटक तेच असले तरी त्यांचं प्रमाण बदललं की पतंग बदलतो. शिवाय लष्करी अळीच्या सापळ्यात दुसऱ्याच जातीचे पतंगही येऊन पडतात. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढुरका ठिपका आहे का, हे पाहिल्याशिवाय नुसतं मोजलं तर वहीत भलताच आकडा चढतो.

ल्यूर म्हणजे रबराचा छोटासा तुकडा. महिनाभरात त्यातला वास विरतो, मग तो बदलावा लागतो. उरलेली ल्यूर थंड जागी ठेवायची असतात. घरातल्या फ्रिजमध्ये ठेवायला निघालो तेव्हा आईनं दुधाच्या पिशवीकडं बोट दाखवून मला परत पाठवलं. पीक वाढेल तशी सापळ्याची उंचीही वाढवायची, शेंड्याच्या जरा वर. एवढं सगळं सांभाळलं तरी एक गोष्ट राहतेच: सापळ्यात फक्त नर येतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो. मागे उरलेले थोडे नरसुद्धा वाण्याच्या थकबाकीसारखे, कुठंतरी वसूल होतातच. आणि शेजारच्या रानात मीलन होऊन आलेल्या मादीला तुमच्या रानातल्या नरसाळ्याशी देणंघेणं नसतं. ती येते, पानावर शे-दीडशे अंडी घालते आणि त्यावर पोटाचे केस पांघरून निघून जाते.

म्हणून पिशवीतल्या मेलेल्या पतंगांत मला फार राम वाटत नाही. राम आहे तो आकड्यात. काल किती, आज किती, अमावस्येच्या आसपास किती, ल्यूर बदलल्यावर किती. आकडा वाढला की पोंगे उघडून पाहायचे, अंड्यांचे पुंजके चुरडायचे आणि खरंच गरज पडली तरच फवारा काढायचा. ज्याच्याकडे वही नाही त्याला सापळा काही सांगू शकत नाही. तो बिचारा पतंग धरत राहतो आणि मालक दर आठवड्याला ठरल्यासारखा फवारत राहतो. तशी रानं मी बघितली आहेत, आणि तिथं पैसे दोन्हीकडून जातात.

वहीत मोजणं हे एक; दुसरं त्याहून अवघड आहे. वास बांध मानत नाही आणि पतंगही मानत नाहीत. एकट्याच्या दोन एकरांवर काहीच ठरत नाही. गटानं सापळे लावले, सगळ्यांनी मोजलं आणि मक्याची पेरणी एका टप्प्यात झाली, तर किडीची साखळी तुटायला निदान जागा होते. पण एकाच्या रानात पोंगा, पलीकडं तुरा आणि त्याच्या पलीकडं नुकता उगवलेला मका असेल, तर एकाचं खाऊन झालेली पिढी दुसऱ्याच्या अंगणात उतरणारच.

वाडीत हे बोलायला बसलो तेव्हा चुलत्यांनी आधी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या गोठ्यात बारा गाया आहेत, आणि त्यांच्या बांधाला लागून आणखी तिघांची रानं. सापळे लावायला ते लगेच तयार झाले, वहीसुद्धा धाकट्याकडं सोपवली. एका वेळी पेरायची गोष्ट निघाली तेव्हा मात्र म्हणाले, ‘आरं, गाया काय तारीख बघून खात्यात का? मका एकदम आला तर एकदमच संपल. मग मधल्या महिन्यात त्यांना काय घालू?’

त्यावर माझ्याकडं मुरघासाचं उत्तर होतं: एकदम आलेला मका कुट्टी करून खड्ड्यात साठवायचा. त्यांनी खड्ड्याचा, कुट्टीयंत्राचा आणि मजुरीचा खर्च विचारला. आकडे काढून मी पुढं ठेवले. चौघांत मिळून एक खड्डा करायचा, इथपर्यंत बोलणं आलंय. खड्डा कुणाच्या रानात घ्यायचा, यावर ते सध्या अडलंय.