शिकवण कोणाच्या मालकीची?

लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव ‘लातूर पॅटर्न’शी कायमचे जोडले गेले आहे. पुढे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. परीक्षेच्या तयारीसाठी ख्याती पावलेल्या या पद्धतीमागे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अभ्यासक असावा, याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. जादा तास आणि सराव परीक्षा हा या पद्धतीचा कणा. त्या जादा तासाला सर समोर उभे असत.

आज त्या तासांची जागा बरीचशी मोबाइलवरील चित्रफितींनी घेतली आहे. मुखेड वा निलंगा तालुक्यातील विद्यार्थ्याला ‘नीट’साठी शहरात खोली घेऊन राहणे परवडत नाही. मग क्लासची विकत मिळणारी व्याख्याने तो टेलिग्रामवरून फुकट मिळवितो. ही चोरी म्हणायची काय? विद्या दिल्याने वाढते, असे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो!

१९५७ चा कॉपीराइट कायदा विद्येला कुंपण घालीत नाही. मेंडेलचे नियम कोणाच्याच मालकीचे नाहीत. मात्र ते समजावताना शिक्षकाने केलेली मांडणी चित्रित झाली की तिच्यावर हक्क निर्माण होतो. अध्यापनाच्या ओघात केलेल्या नकलेला हाच कायदा मोकळीकही देतो. तिच्याच आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेला दावा फेटाळला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. त्याच न्यायालयाने २०२२ साली मात्र नीतू सिंग या शिक्षिकेची पुस्तके व व्याख्याने परस्पर वाटणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. आमच्या मते या दोहोंत विसंगती नाही. पहिल्या प्रकरणात वर्गासाठी नेमलेली पाने होती, दुसऱ्यात एका शिक्षिकेची उपजीविका.

विद्यार्थ्याची गरज खरी आहे. तिचा भार एकट्या शिक्षकाने का वाहावा? पहिलीच व्याख्यानमाला फुकट फिरताना दिसली, तर एखादा तरुण शिक्षक दुसरीसाठी रात्री का जागवील? नवे उदाहरण शोधणे, अवघड भाग सोपा करणे, हीच तर त्याची सर्जनशीलता. (नक्कल वाटणारे कित्येकदा स्वतः पैसे घेतात, ते वेगळेच.)

चित्रफीत थांबविता येते, मागे नेता येते. मराठी माध्यमातील मुलाला हा मोठाच आधार. परंतु वहीत स्वतः आकृती काढण्याआधीच उत्तर डोळ्यांपुढे येते, आणि शंका विचारावी तर समोर कोणी नसते.

आयआयटींची ‘एनपीटीईएल’ व्याख्याने सर्वांना खुली आहेत, कारण त्यांचा खर्च शासनाने उचलला. ती बहुतांशी इंग्रजीत आणि अभियांत्रिकीची आहेत. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रासाठी मराठीत असेच काही उभे करता येईल. लातूर-नांदेडच्या निवृत्त प्राध्यापकांना रीतसर मानधन द्यावे, त्यांच्या लेखी संमतीने व्याख्याने सर्वांना खुली करावीत, आणि आठवड्यातून एक दिवस शंकांसाठी त्यांना मुलांसमोर बसवावे.