मागची बाजू

गेल्या दिवाळीतली गोष्ट. माझे दोन्ही हात बेसनाने माखले होते आणि कोपऱ्यात जुना टेपरेकॉर्डर गात होता. कॅसेट होती ‘गारवा’ची. १९९८ साली ती निघाली तेव्हा आमची हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती; वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. सौमित्रांच्या कविता, मिलिंद इंगळ्यांची चाल आणि गळाही त्यांचाच. आमच्या घरात मात्र तिच्यातले एकच गाणे वाजे. शीर्षकगीत संपले, की कोणीतरी बटण दाबून फीत मागे फिरवी.

त्या दिवशी बटण दाबणार कोण? फीत पुढे सरकत राहिली आणि पाव शतक घरात पडून असलेले एक गाणे मी पहिल्यांदा ऐकले. ते कशातही उणे नव्हते. मन ओशाळले.

कोणी म्हणेल, यात ओशाळायचे काय? आयुष्य थोडे, गाणी फार. ऐकणाऱ्याला निवडीचा हक्क आहेच. खरे आहे. पण ऐकून नावडले तर ती आपली आवड झाली. चार लोकांनी एक उचलले म्हणून बाकीची न ऐकताच हलकी ठरवली, तर त्याला आवड कसे म्हणावे?

आमच्याच जिल्ह्यातले औंढा नागनाथ पाहा. नरसीचे नामदेव तेथे कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांना देवळामागे जाऊन गाण्यास सांगितले. ते मागे गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. पुढे याच नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात मानाने बसली. गाणे पुढच्या दारी म्हटले काय नि मागच्या दारी, गाणे तेच असते. फिरावे लागते ते ऐकणाऱ्याला.

आणि हे काय गाण्यांपुरतेच आहे? आमच्याकडे लाडवांचे कौतुक होते ते माझे. तासभर चुलीशी उभी राहून बेसन भाजते ती माझी धाकटी जाऊ. ती या घरात आली त्याला बारा दिवाळ्या झाल्या. तिला स्वतःला कोणता फराळ आवडतो, हे मी एकदाही विचारले नव्हते.

कॅसेट संपली. मी हात धुतले, पण फीत मागे फिरवली नाही. स्वयंपाकघरात तिच्याजवळ पाट ओढून बसले आणि म्हणाले, “आज तू बोल. मी ऐकते.”