कथेतल्या धोंडिबाचे नाव

नांदेडकडच्या माझ्या शाळेत एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, गोष्टीतला आपला माणूस नेहमी धोंड्याच का? मिलिंद का नाही?” प्रश्न रास्त होता. लातूरकडच्या माझ्या आजोबांचे नावही त्याच वळणाचे.

परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वीच्या महारवाड्यात मिलिंद आणला, तर कथा खोटी पडेल आणि गावाचा अपराध आयताच झाकला जाईल. दया पवारांनी ‘बलुतं’ (१९७८) मध्ये आपले मूळचे दगडू हे नाव लपविले नाही. त्या दगडूलाच बोलते केले. शिवाय दगडू, धोंडू ही नावे मूल जगावे म्हणून आयाच ठेवीत, इतर जातींतही. म्हणजे अपमान धोंडिबात नाही, त्याचा धोंड्या करण्यात आहे. पाटलाच्या तोंडी धोंड्या असणारच. पण लेखकही स्वतःच्या निवेदनात धोंड्याच लिहितो आणि पाटलाला मात्र अहोजाहो करतो, तेव्हा तो पाटलाच्या ओसरीवर बसून लिहीत असतो. (आपलेही काही लेखक यातून सुटलेले नाहीत.)

त्या मुलाने पुढे स्वतःच एक गोष्ट लिहून आणली. तीत पाटील ओरडतो, “ए धोंड्या!” आणि पुढची ओळ आहे: धोंडिबा उठले.