दोन अंकांची काटकसर

१९६१ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीने आयबीएमचा १४०१ संगणक भाड्याने घेतला. अगदी साध्या जोडणीचं भाडंही महिन्याला अडीच हजार डॉलरच्या घरात आणि मेमरी जेमतेम १,४०० अक्षरांची. यंत्राला वातानुकूलित खोली मिळाली, प्रोग्राम लिहिणाऱ्याला कोपऱ्यातलं टेबल. बरेचसे प्रोग्राम तर आयबीएम यंत्रासोबत असेच देई. त्यांचे वेगळे पैसे घ्यायचं तिने १९६९ मध्ये जाहीर केलं.

साहेबाने बजावलं होतं, "एकही अक्षर वाया जाता कामा नये." पंचकार्डावर जागा ८० अक्षरांची. प्रोग्रामरने सालातले १९ गाळले आणि १९६१चे नुसते ६१ केले. दर तारखेमागे दोन घरं वाचली. त्याला शाबासकी मिळाली, आणि ती रास्तच होती. आज त्याला नावं ठेवणाऱ्यांनी ते भाडं आठवावं. मात्र कशाचा अर्थ काय, हे लिहून ठेवायला त्याला कोणी वेळ दिला नाही.

पुढे १४०१ भंगारात गेला. त्याच्या जागी आलेला संगणकही गेला. मेमरी स्वस्त होत गेली. प्रोग्राम तेवढा दर नव्या यंत्रावर चढवला जाई, पण आत हात घालायला कोणी धजेना.

१९९८ साली पुण्याची एक मुलगी तिथे दुरुस्तीला आली. त्या काळात आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली याच कामासाठी परदेशी गेली. २००० उजाडलं की प्रोग्राम ०० मधून ४० वजा करणार आणि १९४० साली जन्मलेल्या माणसाचं वय उणे चाळीस काढणार! एका ओळीत 'एक्स७' नावाच्या घरातून काहीतरी वजा होत होतं. हे एक्स७ म्हणजे काय? अख्खा आठवडा धुंडाळल्यावर कळलं, पॉलिसी सुरू झाल्याचं वर्ष.

"दोन अंक वाढवायला एवढं बिल?" नव्या साहेबाने विचारलं.

ती म्हणाली, "अंकांना काहीच पडत नाही. ते कुठे दडलेत हे शोधायला माणूस लागतो, आणि आता महाग आहे तो माणूसच. यंत्र जातं, प्रोग्राम राहतो. म्हणून तो पुढच्याला वाचता येईल असा लिहावा."

तिने वर्षं चार अंकी केली, एक्स७ला सरळ अर्थाचं नाव दिलं आणि टिपणं लिहिण्याचे तास बिलात वेगळे मांडले. साहेबाने त्या तासांवरही सही केली.