फ्युनारियापाशी

बसा. जमिनीच्या अगदी जवळ.

पाऊस ओसरलाय. सह्याद्रीतली एखादी ओली भिंत, वाटेकडेची माती. जिथे कधी शेकोटी पेटली होती अशी काळी जागा सापडली, तर तिथेच बसा. जळलेल्या उघड्या मातीवर लवकर येणाऱ्यांत फ्युनारिया असते.

बघा. नाव विसरा.

आधी नुसतं हिरवं दिसतं. आपण सरसकट शेवाळ म्हणतो, ते. वनस्पतिशास्त्रात हरिता.

थांबा.

हिरव्यातून आता एकेक रोप वेगळं होतं. जेमतेम सेंटिमीटरभर. टोकाशी मिटून बसलेली रुंद, मऊ पानं. मधोमध एकच शीर. पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या. उजेड आरपार जातो. फ्युनॅरिएसी कुलाची ही पहिली खूण.

श्वास घ्या. सावकाश.

पानांतून एक तांबूस, बारीक दांडी वर आली आहे. टोकाला बीजुककोश, नाशपातीसारखा, एका अंगाला झुकलेला. दांडी आणि कोश ही पुढची पिढी. ती आईच्या अंगावरच उभी आहे, तिच्याकडूनच पाणी घेते.

आता वाका. वाळलेल्या दांडीवर हलकेच श्वास सोडा.

ती फिरते.

तुमच्या श्वासातली ओल लागली की पीळ सुटतो. वाळली की पुन्हा पडतो.

पुन्हा एकदा. घाई नको.

झाकण गळलेला कोश मिळाला, तर त्याच्या तोंडाशी या. इथेच रेंगाळायचं. दातांची दोन वर्तुळं, प्रत्येकात 16 दात. आतला दात नेमका बाहेरच्या दातासमोर. दुहेरी दातांच्या इतर कित्येक हरितांत तो दोन दातांमधल्या फटीसमोर येतो. एवढ्याशा फरकाने कुळांच्या वाटा वेगळ्या होतात.

हवा कोरडी. फटी उघडतात, बीजुकं थोडी थोडी बाहेर पडतात.

हवा दमट. फटी मिटतात.

लाइपझिगचे डॉक्टर योहान हेडविग या दातांकडे बघत बसले. त्यांच्या निधनानंतर, 1801 साली निघालेल्या ग्रंथापासून हरितांची शास्त्रीय नावं धरली जातात. फ्युनारिया हे नाव त्यातलंच. वर्गीकरण ही रुक्ष यादी आहे असं ज्याला वाटतं, त्याने हे तोंड एकदा बघावं.

आणखी जरा थांबा. शेजारी फिस्कोमिट्रियम असेल. पान तसंच मऊ. कोश मात्र सरळ उभा, तोंड रुंद, दात नाहीतच. एन्टोस्थोडॉनच्या काही जातींत दात खुरटलेले, काहींत नाहीसे. तरी सगळे एकाच कुलातले.

ऐका. काहीच ऐकू येत नाही. दांडी फिरतेच आहे.

बाहेरचे दात दिसायला 10 पटींचं भिंग पुरतं. आतल्या वर्तुळाला सूक्ष्मदर्शक लागतो. पुंजका उपटू नका. त्यातली बीजुकं अजून पडायची आहेत.