मोडीचा भाव

सज्जनहो, आपल्या शास्त्रांनी व्यापाराला हीन म्हटलेले नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती, गोरक्षण आणि वाणिज्य ही तिन्ही शेजारी शेजारी, स्वभावातून आलेली कर्मे म्हणून सांगितली आहेत. आपल्या संप्रदायात तर प्रपंच टाकून पळणाऱ्यापेक्षा तो नेटका करणाऱ्याचा मान मोठा. सावतोबांचा मळा, गोरोबाकाकांचे चाक, सेना महाराजांची धोकटी, तुकोबारायांचे देहूतले दुकान, या सगळ्यांसह संत झाले. तेव्हा धंदा करावा की न करावा, ही शंका वारकऱ्याला नसावी. त्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. धंद्यात हाती आलेल्या पैशात माझे किती आणि दुसऱ्याचे किती?

हा प्रश्न आज नव्याने उभा राहतो तो एका नव्या धंद्यामुळे. जुने वाडे पडत आहेत, भावाभावांच्या वाटण्या होत आहेत, मुले शहरात दोन खोल्यांत राहू लागली आहेत. माळ्यावरचे घंगाळ, बंब, पितळी पानपुडा, अडकित्ता, सागवानी पाळणा, यांना आता घरात जागा नाही. पूर्वी अशी भांडी कासाराकडे जात. तो वजन करून मोडीचा भाव देई आणि भांडे वितळून जाई. ‘मोडीत काढणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच. आता मात्र गावोगावच्या काही लेकीसुना आणि तरुण मुले या वस्तू दारोदार जाऊन विकत घेतात, घासूनपुसून त्यांचे फोटो काढतात आणि मोबाइलवरून पुण्या-मुंबईच्या, बंगळूरच्या गिऱ्हाइकांना विकतात. मोडीत जाणारी वस्तू एखाद्याच्या दिवाणखान्यात मांडली जाते. यात वाईट काही नाही. कारागिराच्या हाताची वस्तू भट्टीत जाण्यापासून वाचते, हे चांगलेच आहे.

परंतु सातारा जिल्ह्यातली, आमच्या ओळखीच्या माळकरी घरातली एक सून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “महाराज, मी चोरी केली का, एवढं सांगा.”

हकिगत अशी. शेजारच्या गावातल्या एका एकट्या राहणाऱ्या आजींकडून तिने पितळी घंगाळ घेतले. आजींनीच मोडीचा भाव सांगितला, हिने तो रोख दिला. पुढे घंगाळ चांगल्या किमतीला गेले. आजींच्या नातवाने मोबाइलवर तो फोटो आणि ती किंमत पाहिली आणि आजीला दाखवली. पुढच्या वेळी ही गेली तेव्हा आजी भांडल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत. दरवेळी चहा करीत, तो मात्र त्या दिवशी केला नाही. तो न मिळालेला चहा हिच्या मनाला लागून राहिला.

मी तिला वही आणायला सांगितले, कारण धर्माचा निवाडा पुष्कळदा वहीतच सापडतो. घंगाळ ६ किलोचे. घेतले २,४०० रुपयांना, विकले ७,५०० रुपयांना. गाडीभाडे, तांबटाकडून पोचे काढण्याची मजुरी, खोके, कुरिअर आणि विक्री जुळवणाऱ्या कंपनीची दलाली मिळून १,७०० गेले. उरले ३,४००. तिचे दोन दिवसांचे कष्ट, म्हणजे चिंच लावून घासणे, उन्हाचा अंदाज घेऊन फोटो काढणे, गिऱ्हाइकाच्या पन्नास प्रश्नांना उत्तरे देणे, याचे आम्ही १,५०० धरले. कधी वस्तू पडून राहते, कधी वाटेत फुटते, कधी परत येते. त्या तुटीसाठी ५०० धरले. तरी १,४०० रुपये उरले. मी विचारले, “माउली, या १,४०० रुपयांचे नाव काय?” ती गप्प राहिली. मग तिनेच सांगितले, “आजींना ठाऊक नव्हतं, त्याचे.”

वाचकहो, सगळे मर्म इथे आहे. नफ्याचे दोन भाग असतात. एक आपल्या कष्टाचा, जोखमीचा, शिकलेल्या विद्येचा. तो निर्मळ आहे, तो घेताना मान खाली घालायचे कारण नाही. दुसरा समोरच्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा. तो आपल्या पिशवीत आला म्हणून आपला होत नाही. त्याला मी चोरी म्हणणार नाही, कारण भाव ठरला होता आणि पैसे रोख दिले होते. त्याला ऋण म्हणावे. चोर पळतो, ऋणको फेडतो. म्हणून ऋण म्हणण्यात सुटकेची वाट आहे.

येथे कोणी शंका घेईल की वस्तूची पारख हेच तर व्यापाऱ्याचे भांडवल. ती फुकट का वाटावी? वैद्यही आपल्या ज्ञानाचे पैसे घेतोच. समाधान असे की वैद्य आपले ज्ञान रोग्याच्या बाजूने वापरतो, आणि म्हणून त्याची फी शुद्ध. पारख वापरून आपण वस्तूला योग्य गिऱ्हाईक शोधले, तर त्याचा मोबदला आपला. पण तीच पारख ओठ मिटून, समोरच्याला अंधारात ठेवण्यासाठी वापरली, तर ती विद्या राहिली नाही. याची खूण सोपी आहे. मला जे ठाऊक आहे ते मोठ्याने बोलून दाखवल्यावरही जो सौदा टिकतो, तो शुद्ध. जो बोलताच मोडेल, त्यात दुसऱ्याचे काही तरी अडकलेले आहे.

दुसरी शंका अशी की मग बाजारात घासाघीस करूच नये काय? खुशाल करावी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी बसणारा विक्रेता आपला माल ओळखून बसलेला असतो. तिथे दोघेही व्यापारी, दोघांच्याही हाती तराजू. एके काळी दारावर बोहारीण येई, तेव्हाही जुन्या लुगड्यावर कोणते पातेले द्यायचे याची खणाखणी अर्धी दुपार चाले. कोणी कोणाला फसवीत नसे, कारण लुगडेही दोघींसमोर आणि पातेलेही दोघींसमोर. मोबाइलच्या धंद्यात तसे नाही. विकणाऱ्या आजींना शहरातले गिऱ्हाईक दिसत नाही आणि त्या गिऱ्हाइकाला आजी दिसत नाहीत. दोन्हीकडची दारे फक्त मधल्या माणसाला दिसतात. ज्याला दोन्हीकडचे दिसते, त्याच्यावर दोन्हीकडचा धर्म येतो.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराची कथा आहे. जाजली नावाच्या तपस्व्याने इतके निश्चल तप केले की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला त्याचा गर्व झाला, तेव्हा आकाशवाणीने त्याला वाराणसीच्या तुलाधाराकडे धाडले. हा तुलाधार कोण? दुकानदार. आणि तो आपल्या धंद्याविषयी काय सांगतो? मद्य सोडून नाना पदार्थ मी दुसऱ्यांच्या हातून विकत घेतो आणि कपट न करता पुन्हा विकतो; माझा तराजू सर्व भूतांना सारखा आहे. वाचकहो, एकाकडून घेऊन दुसऱ्याला विकणे, हाच त्याचा धंदा आणि हेच त्याचे तप. जटांत घरटे झालेला ऋषी त्याच्यापुढे शिष्य होऊन बसतो.

हा सारखेपणा घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही लागू आहे. भांड्याला चीर असेल तर तिचा फोटो आधी दाखवावा. कल्हई गेलेल्या पितळेत ताक, चिंच, आमसूल घालू नये, हे शहरातल्या नव्या गृहिणीला ठाऊक नसते, ते सांगावे. नव्या पितळेला रसायन लावून जुने दाखवू नये. आणि ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ असे उगाच लिहू नये. ते खोटे असेल तर असत्याचा दोष. खरे असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, आणि महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. म्हणून कोणाच्या देव्हाऱ्यातले टाक, मूर्ती, हाताने लिहिलेली पोथी दारी आली, तर वारकऱ्याने तिचा भाव करू नये. मूर्तीसाठी गावच्या देवळात विचारावे. पोथी असेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर संस्था आहे. तिथे विचारण्याचा सल्ला द्यावा. पुण्याच्या दिनकर केळकरांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, भांडी आयुष्यभर गोळा केली आणि तो सारा संग्रह आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने सरकारच्या स्वाधीन केला. प्रत्येकाला ते साधणार नाही. पण काही वस्तूंपुढे तराजू खाली ठेवावा लागतो, एवढे तरी ध्यानी असावे.

त्या सुनेला मी म्हणालो, ते १,४०० आजींना नेऊन दे. मात्र मदत म्हणून देऊ नकोस. मदत म्हटलीस तर त्यांचा अपमान आणि तुझ्या अहंकाराला खतपाणी. ‘घंगाळातला तुमचा वाटा राहिला होता’ म्हण. ती वही घेऊन गेली. आजींनी नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि विचारले, “बरं, आता समईचं खरं किती येतील, ते सांग बघू.” मला हा प्रश्न आशीर्वादापेक्षा मोठा वाटतो. ज्याला खरे विचारावेसे वाटते, त्याच्यावर विश्वास बसलेला असतो.

आता या धंद्याची दुसरी बाजू, जी वहीत कोणी लिहीत नाही. ओसरीवर खोकी रचलेली असतात. चांगला उजेड नेमका मुलांच्या शाळेच्या वेळी असतो, आणि गिऱ्हाइकाचा फोन नेमका जेवणाच्या ताटावर येतो. दुपारी मुलांना सासूबाई सांभाळतात, रात्री नवरा खोकी बांधतो, दिवेलागणीचा हरिपाठ ‘उद्या म्हणू’ वर जातो. मुलगा घरातल्या प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून विचारू लागतो, “आई, याचे किती येतील?” आजीच्या पानपुड्याकडे पाहूनही तेच.

इथे मी सुनांना दोष देणार नाही. पुरुष दुकानात दहा तास बसला तर कर्तबगार आणि सुनेने दोन तास फोटो काढले तर घर मोडले, असे म्हणणारा तराजू तुलाधाराचा नव्हे. घरातून चालणारा धंदा बाईचा असो की पुरुषाचा, प्रश्न तोच आहे. सासूबाईंची दुपार, नवऱ्याची झोप, मुलाचे बोलणे हे आपण कोणत्या भावाने घेतले? बहुधा मोडीच्या. तेही आजींसारखेच, आपल्या वस्तूचे मोल त्यांनी सांगितलेले नसते, आणि आपण विचारलेले नसते. दारची आजी निदान चहा बंद करून सांगते. घरची माणसे चहा करीत राहतात.

परंपरा सांगते की तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात रंगलेले असत आणि जिजाई भाकरी घेऊन रोज तो चढ चढत. एके दिवशी त्यांच्या पायात काटा मोडला, आणि तो काढायला स्वतः विठ्ठल आला. ही कथा सांगताना आपण तुकोबांच्या भक्तीकडे पाहतो. पण देव त्या वेळी कोणाच्या पायाशी बसला होता? भाकरी नेणारीच्या. जगद्गुरूंच्या भजनामागेही कोणाच्या तरी पायांचे श्रम होते, आणि त्यांचा हिशेब देवाने विसरू दिला नाही. मग आपल्या खोक्यांमागे कोणाचे पाय आहेत, हे आपण विसरावे काय?

नाथ महाराजांची गोष्ट आपण सारे जाणतो. जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहताना एका पैची चूक राहिली, ती शोधत ते रात्रभर जागले आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली. त्या एका पैने कोणी श्रीमंत होणार नव्हते. परंतु ती कोणाची, हे कळल्यावाचून वही मिटायची नाही, हा त्यांचा बाणा.

वाचकहो, आपणही असा एक नेम धरावा. महिन्याच्या एकादशीला वही उघडावी. एका पानावर लिहावे, या महिन्यात कोणाच्या न जाणण्याचा पैसा माझ्याकडे आला; तो परत करावा, किंवा पुढच्या सौद्यात आधीच भाव बोलून टाकावा. दुसऱ्या पानावर लिहावे, घरात कोणाचा वेळ मी न विचारता घेतला. तो पैशाने फिटत नाही. त्यासाठी संध्याकाळी एक तास मोबाइल कोनाड्यात ठेवावा, सासूबाईंजवळ बसावे, मुलाला पानपुडा हाती देऊन तो कोणी, कोणत्या यात्रेत घेतला होता, हे सांगावे. किंमत विचारणाऱ्या मुलाला मोल कळण्याचा दुसरा उपाय मला ठाऊक नाही. मग सगळ्यांनी मिळून हरिपाठ म्हणावा.

त्या तासात एखादे गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्यावे.

रामकृष्णहरी.