दोन साखळ्यांच्या मधलं गाव

ओक्लाहोमा सिटीत उत्तर-दक्षिण जाणारे जुने रस्ते ग्रँड ॲव्हेन्यूपाशी पोचले की मुरडायचे. पलीकडचा रस्ता अलीकडच्याच्या रेषेत सापडायचा नाही, थोडा बाजूला सरकलेला असायचा. मोजणीदारांची चूक म्हणून त्याकडे बघता येईल. मला तो त्या गावाचा पहिला ठराव वाटतो.

22 एप्रिल 1889ची दुपार. अमेरिकी सरकारने सुमारे 20 लाख एकर जमीन बाराच्या ठोक्याला वसाहतीसाठी खुली केली. सकाळपर्यंत जिथे सांता फे रेल्वेचं एक स्टेशन आणि मोजक्या इमारती होत्या, तिथे संध्याकाळी 10,000च्या आसपास माणसं तंबू ठोकून बसली. शेतीसाठी 160 एकरांवर हक्क कसा सांगायचा हे कायद्यात होतं. गावठाणासाठी जास्तीत जास्त 320 एकर हेही होतं. पण त्या गावाचा कारभार कोणी, कुठल्या अधिकाराने करायचा याबद्दल एक ओळ नव्हती. प्रदेशासाठी शासन निर्माण करणारा कायदा झाला तो 2 मे 1890 रोजी. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ या गावाला कायदेशीर नगराध्यक्ष असूच शकत नव्हता.

सेमिनोल नावाच्या गावठाण कंपनीने पहिल्याच दुपारी उत्तरेकडे मोजणी सुरू केली आणि आपल्या नकाशाप्रमाणे भूखंड वाटले. बाकीच्यांनी विचारलं, तुम्हाला हा अधिकार दिला कोणी? दुसऱ्या दिवशी उघड्यावर सभा भरली. अँजेलो स्कॉट नावाचा तरुण वकील अध्यक्ष झाला आणि 14 जणांची समिती निवडली गेली. समितीने दक्षिणेकडून मोजणीची स्वतःची साखळी टाकली. मोजणी पुढे सरकेल तसे वाद जागच्या जागी ऐकायचे, भूखंड कोणाचा ते ठरवायचं आणि पुढच्या खुंटीकडे जायचं. त्या निवाड्याला कुठल्याही कोर्टाचा आधार नव्हता. तरी बहुतेकांनी तो मानला, कारण निवाडा करणारी माणसं त्यांनी स्वतः, कालच, डोळ्यांदेखत निवडली होती.

दोन्ही मोजण्या समोरासमोर आल्या तेव्हा रस्ते जुळेनात. कोणाची तरी मोजणी रद्द करायची, तर शेकडो लोकांना तंबूसकट उठवावं लागलं असतं. तडजोड झाली: दोन्ही नकाशे राहू द्यायचे, रस्ता मुरडायचा. भूमितीपेक्षा शेजार सांभाळला, हे मला मोठं शहाणपण वाटतं. 1 मेला निवडणूक झाली आणि विल्यम काउच हंगामी नगराध्यक्ष झाला.

सगळं सामोपचाराने मिटलं असं मात्र म्हणवत नाही. मुदतीआधी घुसून मोक्याच्या जागा बळकावणारे ‘सूनर्स’ गावात होतेच. गरज पडली तर उभं राहायला लष्कर जवळ होतं, आणि त्या जरबेशिवाय सभेचा शब्द किती चालला असता हा प्रश्न टाळता येत नाही. खुद्द काउचला एप्रिल 1890मध्ये जमिनीच्याच वादात गोळी लागली आणि तो दगावला.

पण याहून खोल गोष्ट दुसरीच आहे. त्या सभेचा सगळा अधिकार आला तो हजर असलेल्यांच्या संमतीतून. मग हजर कोण नव्हतं? ही जमीन क्रीक आणि सेमिनोल या राष्ट्रांची होती. यादवी युद्धानंतर, 1866च्या करारांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली: क्रीकांना एकरी 30 सेंट, सेमिनोलांना 15 सेंट. इतर मूळ जमातींना वसवण्यासाठी म्हणून घेतलेली ही जागा 1889मध्ये आणखी रक्कम देऊन मोकळी करून घेतली. भूखंड वाटणाऱ्या कंपनीने नाव मात्र सेमिनोलांचंच लावलं होतं. जागच्या जागी वाद ऐकणाऱ्या समितीपुढे हा वाद कधी आलाच नाही. समितीला तो वाद आहे असंही वाटलं नसावं, आणि मला हेच जास्त बोचतं.

त्या दुपारी जमिनीसाठी झालेल्या शर्यतीत कृष्णवर्णीय कुटुंबंही धावली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांमधल्या जाचातून सुटून त्यांनी इथे जमिनी मिळवल्या, 1890मध्ये लँग्स्टन हे स्वतःचं गाव वसवलं. 1907मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं. आता विधिमंडळ होतं, राज्यघटना होती, अधिकाराबद्दल कसलीच शंका उरली नव्हती. सिनेटच्या पहिल्या क्रमांकाच्या विधेयकाने रेल्वेत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे केले.